खोक्यात राहिलेलं वर्ष

पत्र

सप्रेम नमस्कार. मी वसई तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ६४. मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. आमची केळीची आणि फुलांची वाडी. ह्यांना रोज रात्री जेवण झाल्यावर वहीत एकदोन ओळी लिहायची सवय होती. किती घड गेले, सोनचाफ्याला दादरला काय भाव मिळाला, पाऊस, पंपाची दुरुस्ती, घरात कोण आजारी. १९८६ पासून २०१९ पर्यंत, म्हणजे हात थरथरायला लागेपर्यंत लिहिलं. वह्या माळ्यावर होत्या. दोन वाळवीने खाल्ल्या.

गेल्या नाताळला रात्रीच्या मिस्साहून घरी आलो, तेव्हा मुलगा, सून, नात आणि डब्लिनहून आलेली मुलगी-जावई यांनी मिळून मला एक खोकं दिलं. आत २०२५ सालचं कॅलेंडर. प्रत्येक तारखेखाली ह्यांनी कुठल्या तरी वर्षी त्याच तारखेला लिहिलेली ओळ, आणि बारीक अक्षरात ते साल. काम बहुतेक सगळं सुनेचं. ती साताऱ्याकडची, आमची बोली तिला येत नाही. तरी चार महिने शेजारीपाजारी वह्यांतले शब्द विचारत हिंडली म्हणे. काही तारखांना काहीच सापडलं नाही, त्या कोऱ्या सोडल्या.

मी मधलंच एक पान उघडलं, वाचलं आणि म्हणाले, "कशाला हे उद्योग? किती पैसे घातले यात?" आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेले. दूध गॅसवर नव्हतंच. आत असताना नातीने दुसरं पान मोठ्याने वाचलेलं ऐकू आलं : "मेव्हण्याला ४ हजार दिले. मागायचे नाहीत." म्हणजे माझ्या भावाची गोष्ट. ती आता भिंतीवर लागणार! मला रागच आला. खोकं त्याच रात्री कपाटावर ठेवलं, ते अजून तिथेच आहे.

सून एका शब्दाने बोलली नाही. आता मुलगा म्हणतो, आई, यंदा गिफ्ट वगैरे नकोत, सगळ्यांनी ठरवलंय. का ते मला कळतं. वर्ष संपत आलं, कॅलेंडर तर वाया गेलं. आता मी काय करू? आणि एवढ्या मोलाच्या वस्तूच्या बदल्यात देण्यासारखं माझ्याकडे आहे तरी काय?

ता.क. : मी उघडलेलं पान ऑगस्टचं होतं. ९ तारीख, साल १९९७. "हिला उगाच बोललो. चूक माझी." हे त्यांनी मला तोंडाने कधीच सांगितलं नव्हतं.

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र निम्मं वाचून होईपर्यंत माझं उत्तर मनात तयारही झालं होतं. सासू, सून, एक तोडून टाकलेलं वाक्य, मग वर्षभर दोघींनी काही न झाल्यासारखं वागणं. अशी पत्रं सणासुदीला येतातच. मग ता.क. आलं आणि तयार उत्तर मी खोडलं. आपल्या बायकांच्या पत्रांत सांगायची गोष्ट बहुतेक वेळा ता.क.मध्येच सापडते, हे इतकी वर्षं सदर लिहूनही मी विसरते.

तेव्हा तिथूनच सुरू करू. त्या रात्री तुमच्या हातात दोन भेटी पडल्या. एक मुलांनी दिलेली. दुसरी तुमच्या मिस्टरांनी पाठवलेली, सत्तावीस वर्षं उशिरा, आणि ती त्या खोक्यात आहे याची खोलीत कुणालाच कल्पना नव्हती. सुनेने ती ओळ टाइप केली असेल, पण त्या ओळीमागचा शनिवार तिला कुठून ठाऊक असणार? तो तुम्हालाच ठाऊक. आणि पाच माणसं 'आई आता काय म्हणते' म्हणून तोंडाकडे बघत असताना नवऱ्याची माफी पहिल्यांदा वाचायची वेळ तुमच्यावर आली. अशा वेळी गॅसवर नसलेल्या दुधाकडे धावलात, यात मला काहीही वावगं दिसत नाही. मी असते तर वाडीच्या टोकाला बावखलाच्या तळ्यापाशी जाऊन बसले असते आणि मला शोधायला कंदील घेऊन यावं लागलं असतं.

(शनिवार कशावरून, म्हणाल. १९९७ आणि २०२५ या दोन सालांचे वार तारीखवार जुळतात. ९ ऑगस्ट तेव्हाही शनिवारी होता, यंदाही शनिवारीच येऊन गेला. याकडे पुढे येते.)

त्यामुळे तुम्ही भेट नाकारलीत असं मी मानत नाही. तुम्ही एकाच वेळी दोन भेटी घेऊ शकला नाहीत, एवढंच. मुलांना मात्र त्यातली एकच दिसली. त्यांच्या बाजूने पाहिलं तर चार महिन्यांची मेहनत आईने एका पानावर मिटवून टाकली.

आता त्या 'कशाला'कडे. घरातल्या माणसांचे आभार मानायची सोय आपल्या भाषेत आपण फारशी ठेवलेली नाही. 'धन्यवाद' माइकसमोर. 'थँक्यू' रिक्षावाल्याला आणि बँकेतल्या मुलीला. नवऱ्याला थँक्यू म्हणायला गेलं तर तो आधी घाबरेल, मग विचारेल, काय हवंय? म्हणून आपण 'कशाला आणलंस' म्हणतो. माझी आई भेट हातात घेण्याआधी किंमत विचारायची. आकडा ऐकला की कपाळावर हात मारून घ्यायची. आणि दुसऱ्या दिवशी तोच आकडा दोनशे रुपयांनी वाढवून शेजारच्या मावशींना सांगायची. आम्ही भावंडं भिंतीला कान लावून ते ऐकायचो आणि मगच आमचा नाताळ पुरा व्हायचा.

म्हणजे आपल्या 'कशाला'ला दोन भाग असतात. पहिला तोंडावर झिडकारायचा. दुसरा मागून यायचा : साडी नेसली जायची, डबा वापरात यायचा, शेजारी बातमी जायची. सूनबाईंना पहिल्या भागाचं फारसं वाईट वाटलं नसेल. साताऱ्याकडेही सासवा हेच म्हणतात, ती त्यातच वाढली आहे. ती दुसऱ्या भागाची वाट बघत राहिली. जानेवारीत तिने भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं असणार आणि तिथे नेहमीसारखं कालनिर्णयच लटकलेलं दिसलं असणार, गॅस सिलिंडरची तारीख पेनाने लिहिलेलं. मग फेब्रुवारी. मग तुमच्या मिस्टरांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा आली असेल, तेव्हाही नाही. तिला लागलं असेल ते असं महिन्यामहिन्याने. एकदाचं बोलणं माणूस विसरतो, कपाटावरचं खोकं रोज दिसतं.

मला इथे एक आठवण सांगू द्या, तिचा संबंध आहे. माझं माहेर नगरचं. तुम्ही कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट; तुमच्याकडे फादर, आमच्याकडे पाळक. आमच्या वडिलांना साठीनंतर ऐकायला कमी यायला लागलं. आम्ही तिघांनी पैसे जमवून एका नाताळला त्यांना कानाचं यंत्र घेतलं. सहा महिने डॉक्टरांशी गुपचूप बोलणी, मापं, सगळं. आम्हाला वाटलं, याहून विचारपूर्वक भेट जगात नसेल. वडिलांनी ते लावलं, नाताळच्या उपासनेला गेले, आणि परत आल्यावर काढून डबीत ठेवलं. म्हणाले, "पाळकांचा आवाज फार मोठा आहे." पुढे आठ महिने ते डबीत. मी चिडले होते. फार नंतर लक्षात आलं की आम्ही त्यांना नुसतं यंत्र दिलं नव्हतं, 'तुम्हाला ऐकू येत नाही हे आम्ही कधीपासून बघतोय' हेही दिलं होतं. त्यांना वाटत होतं की त्यांनी ते छान लपवलंय.

विचार करून दिलेल्या भेटीचं हे एक अवघड अंग आहे. साडी, मिक्सर, केक यांत देणारा आपल्याला फारसा न बघताही देऊ शकतो. पण नेमकी भेट द्यायची तर आधी माणसाकडे नीट बघावं लागतं, आणि ते बघणं भेटीबरोबर आपल्यापर्यंत पोचतं. तुम्ही आयुष्यभर घरातल्या सगळ्यांकडे बघितलंत. कुणाला ताप, कुणाला परीक्षा, कुणाचा डबा. तुमच्याकडे कुणी असं चार महिने बघत बसेल याची तुम्हाला सवय नाही. सवय नसलेल्या उजेडात डोळे मिटतातच.

पण म्हणून तुमचा राग खोटा ठरत नाही. भावाच्या पैशांची ओळ छापण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. मी हे सूनबाईंनाही तोंडावर सांगेन. सरप्राइज या प्रकाराचा दोषच हा की ज्याला देणार त्याला काही विचारता येत नाही. मेलेल्या माणसाच्या वहीत जिवंत माणसांच्या गोष्टी असतात. त्या भिंतीवर आल्या, तर गावात कोण वाचेल, भाऊ घरी आला आणि त्याची नजर गेली तर काय, हा विचार तिच्या वयाला सुचला नाही. तुम्हाला तो एका क्षणात सुचला. तुमचं बरोबर आहे.

फक्त ती ओळ पुन्हा एकदा वाचा. नातीने वाचली तेव्हा तुम्हाला 'मेव्हणा' आणि '४ हजार' ऐकू आलं. मुलांना, माझ्या अंदाजाने, 'मागायचे नाहीत' ऐकू आलं असेल. फुलांच्या भावावर घर चालवणारा माणूस चार हजार देतो आणि रात्री स्वतःलाच बजावतो की मागायचे नाहीत. तुमच्या भावाची अब्रू जाईल असं तुम्हाला वाटलं. त्यांनी बहुधा वडिलांचा मोठेपणा वाचला. दोन्ही एकाच ओळीत आहे, काय करणार.

आता काय करायचं ते.

आज खोकं खाली काढा. नाताळची वाट बघू नका, आणि घरात कुणी नसताना काढा. सगळी पानं एका बैठकीत वाचायला घेऊ नका, चौतीस वर्षं आहेत ती, छाती भरून येईल. डिसेंबरचं पान उघडा आणि आजच्या तारखेची ओळ वाचा. पुरे. उद्या उद्याची. आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला होऊन गेला. नाताळपर्यंतचे हे दिवस तसेही थांबायचे, वाट बघायचे. यंदा तुम्ही रोज एका ओळीची वाट बघा. नाताळ गुरुवारी आहे. त्या दिवसाखाली त्यांनी काय लिहिलंय ते आधी बघायचा मोह होईल. टाळता आला तर टाळा, नाहीतर बघा, तुमचा नवरा, तुमची वही.

ऑगस्टचं पान मात्र वेगळं. त्याला पाहिजे तेव्हा एकटीने वेळ द्या. ते भांडण आठवलं तर आठवलं. न आठवलं तर जास्तच हसू येईल, कारण त्यांना ते रात्रीपर्यंत टोचत राहिलं आणि तुम्ही विसरूनही गेलात. ओळीखाली जागा असेल तर पेन्सिलीने तुमचं उत्तर लिहा. कुणाला दाखवायची गरज नाही. ही भेट तुमच्या दोघांतली आहे, तिचे आभार मुलांना द्यायचे नाहीत आणि तिचा हिशेबही त्यांना द्यायचा नाही.

कॅलेंडर वाया गेलं म्हणता, ते मला मुळीच पटत नाही. ओळी तारखांच्या आहेत, त्या दर वर्षी येणार. आणि अगदी हेच कॅलेंडर, वारांसकट, २०३१ साली पुन्हा जसंच्या तसं लागू पडेल. ईस्टर तेवढा हलेल, तो कुणाचंच ऐकत नाही. गंमत बघा, मिस्टरांची पहिली वही १९८६ची. त्या सालचे वारही २०२५सारखेच होते. म्हणजे त्यांच्या पहिल्या वहीचं साल ज्या बुधवारी सुरू झालं, तशाच बुधवारी तुमचं न उघडलेलं वर्ष सुरू झालं. सुनेला हे माहीत होतं की योगायोगाने जमलं, मला सांगता येणार नाही. पण विचारण्यासारखं आहे.

आता सुनेशी बोलणं. समोरासमोर खुर्च्यांत बसून 'मला तुझ्याशी बोलायचंय' असं करू नका, ती बिचारी घाबरेल. फराळाला बसाल तेव्हा बोला. करंज्या करताना, ती पाऱ्या लाटत असेल आणि तुम्ही सारण भरत असाल तेव्हा. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी दोघींना खाली बघायला कारण असतं. काय बोलायचं? 'फार छान होतं गं' असं नको. वर्षभराने आलेलं 'छान' खोटं वाटतं. जे झालं ते सांगा. "मी ऑगस्टचं पान उघडलं आणि मला उभं राहवेना. म्हणून आत गेले. दूध नव्हतंच गॅसवर." एवढं पुरे. कोणती ओळ ते सांगायचं की नाही, ते तुमच्यावर. माझा अंदाज, ती ओळ तिला पाठ असेल. तिने ती घ्यायची की गाळायची यावर विचार केला असेल आणि मुद्दाम घेतली असेल. तसं असेल तर तिने तुम्हाला त्या दोन्ही भेटी जाणून दिल्या, आणि मग मी वर जे लिहिलं की खोलीत कुणालाच कल्पना नव्हती, ते मला मागे घ्यावं लागेल.

भावाच्या ओळीबद्दल त्याच दिवशी बोलू नका. 'आवडलं, पण' यातलं 'आवडलं' गळून पडतं आणि 'पण' घरात राहायला येतं. तीन राजांचा सण होऊ द्या, ६ जानेवारी. मग एखाद्या दुपारी सांगा : ही एक ओळ झाकूया, मामाचं आहे. पांढऱ्या कागदाची पट्टी आणि डिंक. नातीकडून चिकटवून घ्या, म्हणजे मोठ्याने काय वाचायचं आणि काय मनात, हेही तिला कळेल. पट्टीखाली ओळ राहील, आणि ती तिथे आहे हे घरातल्यांना माहीत असेल. चालेल ना?

तीन राजांवरून आठवलं. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक बाळासमोर सोनं, ऊद आणि गंधरस ठेवतात. ते तीनच होते असं तिथे कुठे म्हटलेलं नाही, ते आपण भेटींवरून मोजलं. मला लहानपणापासून त्यातल्या गंधरसाचं कोडं पडायचं. मृतदेहाला लावायच्या सुगंधी द्रव्यांतला तो एक. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या दफनाच्या वेळी निकदेम तोच घेऊन येतो. पाळण्यातल्या बाळाला कुणी असली भेट आणतं का? आमच्या नगरकडची एखादी आजी असती तर तिने ज्ञानी लोकांना दारातच झापलं असतं. मरिया काय म्हणाली, हे मत्तयने लिहिलेलं नाही. 'कशाला आणलंत एवढं' म्हणाली असेल तर तेही गाळलं. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ येऊन जातात तेव्हा तिने सगळ्या गोष्टी मनात ठेवल्या, एवढं एक वाक्य येतं. मनात ठेवणं आणि कपाटावर ठेवणं यात फरक आहे हे मी मान्य करते, पण तुमच्या बाबतीत तो फार मोठा आहे असं मला वाटत नाही. वर्षभर तुम्ही त्या खोक्याकडे दुर्लक्ष केलं असतं तर मला पत्र लिहिलं नसतं.

राहिलं 'बदल्यात काय देऊ'. तुमच्याकडची चर्चं पोर्तुगीजांच्या काळापासूनची, आमचं नगरचं मिशन १८३१ सालचं, पण चकचकीत कागदात बांधलेल्या भेटी मी तरी माझ्या लहानपणी घरात पाहिल्या नाहीत. एका ताग्यातून आम्हा सगळ्या भावंडांचे कपडे शिवायचे आणि फराळाची ताटं वाटायची, हाच नाताळ. करंज्या, अनारसे, शंकरपाळे, चिवडा, वर विणलेला रुमाल. आम्ही मुलं ती ताटं घेऊन गल्लीत जायचो. शेजारच्या काकू ताट रिकामं करून घ्यायच्या आणि परत देताना त्यात चमचाभर साखर टाकायच्या. रिकामं ताट परत द्यायचं नाही. अनारशांच्या बदल्यात अनारसे कुणी देत नव्हतं, तसं केलं असतं तर उलट अपमान झाला असता. चमचाभर साखर. घरी येईपर्यंत ती आम्ही बोटाने खाऊन टाकायचो.

तुम्ही मोलाला मोल शोधताय आणि म्हणून हात रिकामे वाटतात. मुलांनी यंदा भेटी नकोत म्हटलंय, त्यांचा शब्द राखा. सोन्याचं काही काढून सुनेच्या हातात ठेवायचा विचार मनात आला असेल तर बाजूला ठेवा, ते तिला दंड भरल्यासारखं वाटेल. सुकेळ्यांचा, त्या वाळवलेल्या केळ्यांचा, डबा बांधून डब्लिनला पाठवायचा असेल तर अवश्य पाठवा, पण तो तुम्ही तसाही पाठवलाच असता.

साखर कुठे आहे ते तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलंय आणि ओलांडून पुढे गेलात. कॅलेंडरात कोऱ्या तारखा आहेत. त्या दोन वह्या वाळवीने खाल्ल्या म्हणून असतील, किंवा त्या दिवशी ते दमून झोपले असतील. सुनेला तिथे काही भरता आलं नाही. तिला माहीतच नव्हतं, आणि बनवून लिहायला तिचं मन धजलं नाही. मला तिचं हे फार आवडलं. त्या तारखा तुम्ही भरू शकता. तुमच्या अक्षरात, पेनाने. एखादी कोरी तारीख तुमच्या मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची निघेल, एखादी पंप जळाला त्या दिवसाची, एखादी नुसतीच 'यांनी आज लिहिलं नाही' अशी. २६ जुलै २००५ला त्यांनी काय लिहिलं असेल, मी अंदाज करू शकते, लोकल बंद पडल्या होत्या आणि सगळी मुंबई पाण्यात होती. पण त्या रात्री तुम्ही घरात काय करत होतात, ते त्यांच्या वहीत नसणार. वहीत घड आहेत, भाव आहेत, पाऊस आहे. 'ही' फक्त ताप आला किंवा भांडण झालं की येते.

सगळ्या तारखा भरायच्याच असं नाही. नाताळपर्यंत चारपाच भरा. आणि तिने न समजून सोडून दिलेले शब्दही असतील, बोलीतले. शेजाऱ्यांना विचारून तिने अर्थ लावले, पण शेजाऱ्यांनी सांगितलेले सगळेच अर्थ बरोबर असतील याची खात्री काय? तुम्ही वाचाल तेव्हा चुका सापडतील. त्या सांगा. चूक काढली म्हणजे नीट वाचलं, हे तिला लगेच कळेल.

आणि बोलायला सुरुवातच जमत नसेल, करंज्या तळून झाल्या तरी शब्द फुटत नसेल, तर एक प्रश्न देते. २०२५ हे लीप वर्ष नाही. १९८६ ते २०१९ या काळात २९ फेब्रुवारी आठ वेळा आला, १९८८ पासून २०१६ पर्यंत. त्या आठ दिवसांच्या ओळी या कॅलेंडरात बसल्याच नसणार. त्या वह्यांत आहेत, आणि तुमच्या घरात एकच माणूस आहे ज्याने त्या वाचल्यात. कढई उतरवता उतरवता विचारा : "२९ फेब्रुवारीला काय लिहिलं होतं गं त्यांनी?"